बत्तीस बोअर: धाराशिवातील पहिल्या रिव्हॉल्वरची पूर्वपीठिका

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या नवशिक्या नेमबाजाने आयुष्यातले पहिले रिव्हॉल्वर घ्यायचे ठरवले, तर त्याच्या निवडीचा मोठा भाग तो शस्त्राच्या दुकानाची पायरी चढण्याआधीच उरकलेला असतो. कारण नळीचा आतला व्यास, ज्याला बोअर म्हणतात, तो किती असावा हे कायद्याने आधीच जवळजवळ ठरवून टाकले आहे. कोणते शस्त्र कोणी बाळगावे, हा प्रश्न या मुलखात पूर्वीपासून सत्तेच्या अखत्यारीतला राहिला. अहमदनगर पडल्यावर काही काळ निजामशाहीची राजधानी राहिलेल्या परंड्याच्या किल्ल्यावर ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टनांची तोफ होती. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली, तेव्हा परंड्याचे स्वामित्व कोणाकडे गेले हे वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

तोफा राजाच्या असत, पण तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीने बार उडवणारी लांब नळीची बंदूक, दख्खनच्या शिपायापासून गावच्या पाटलापर्यंत अनेकांच्या हाती होती. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडम्सचे रिव्हॉल्वर आले, तेव्हा एका हातात मावणाऱ्या शस्त्रातून पुन्हा न भरता पाच-सहा बार काढणे शक्य झाले. त्याच सुमारास, १८५३ च्या तहाने, हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराकडे सोपवला आणि फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास बसून त्याचा कारभार पाहू लागला. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परतला. परिणामी १८७८ चा ब्रिटिश शस्त्रकायदा शेजारच्या बार्शी-सोलापुरात चालत असताना धाराशिवात मात्र संस्थानाचे स्वतःचे नियम होते. एका सरहद्दीच्या दोन बाजूंना परवान्याच्या दोन व्यवस्था असणे ही प्रशासनाची डोकेदुखी असली, तरी चोरट्या व्यापाराची ती सोयच होती.

ही सरहद्द १९४८ मध्ये पेटली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबादला विमानाने शस्त्रे पोहोचवत होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या ताब्यात आला. पुढे मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५९ चा भारतीय शस्त्रकायदा १९६२ पासून अमलात आला, तो जुन्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता.

नवशिक्याच्या निवडीचे मूळ या कायद्यात आहे. त्याच्या तेराव्या कलमाने शस्त्रांची एक उतरंडच लावली: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची लांब बंदूक, अथवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला एरवी काही आडकाठी नसेल तर परवाना द्यावा, इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण पटले पाहिजे. रिव्हॉल्वर या दुसऱ्या गटात पडते, म्हणून रानडुकरांनी ज्वारी उद्ध्वस्त केली हे कारण त्याला पुरत नाही. याशिवाय नियमांनी .३८० आणि .४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित ठरवली, कारण त्यांत लष्करी काडतूस चालते. ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये स्वीकारलेले वेब्लीचे भारदस्त रिव्हॉल्वर याच .४५५ घराण्यातले; साम्राज्य गेले, पण त्याच्या काडतुसाची धास्ती नियमांत उरली.

उरले मुख्यतः .३२ इंच, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेले रिव्हॉल्वर या बोअरमध्ये बनवले. त्याची कळ दाबली की नळी आणि सहा घरांची चकती बिजागरीवर पुढे मोडते, आणि चकतीच्या मध्यातून वर येणारी चांदणी रिकामी पितळी टोपणे एकदमच बाहेर ढकलते. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला तर चाप हलक्या दाबाने सुटतो. नुसता चाप ओढला तर तोच घोडा उचलतो आणि सोडतो, पण बोटाला बराच जास्त जोर लागतो व नेम हलतो. नवशिक्याने पाहायचे ते हेच: तर्जनीचे पहिले पेर मूठ न सरकवता चापावर नीट बसते का, आणि दुसऱ्या पद्धतीने ओढताना नळीचे टोक खाली जाते का. आश्चर्य असे की कायद्याने लादलेले हे काडतूस शिकण्यासाठी उत्तम ठरते. धक्का कमी असल्याने २५ मीटरच्या सेंटर-फायर स्पर्धांत जगभरचे नेमबाज त्याची सपाट तोंडाची, कागदात स्वच्छ गोल भोक पाडणारी गोळी पसंत करतात.

कानपूरच्याच एका सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्वर १,२२,३६० रुपयांना बाजारात आणले. ते पर्समध्ये मावावे म्हणून हलके केलेले. तोच धक्का हलक्या शस्त्रातून हाताला अधिक जाणवतो, त्यामुळे नेम शिकण्यासाठी ते योग्य म्हणता येणार नाही. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने जुनी वेब्ली-स्कॉट किंवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरे फक्त हातोहात फिरतात, आणि त्यांचे मोल कारागिरीपेक्षा टंचाईमुळे अधिक आहे.

२०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण परवान्याशी जोडले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. आजोबांच्या नावची बारा बोअरची बंदूक वारशाने ज्याच्या परवान्यावर आली आहे, त्याचे पहिले रिव्हॉल्वर हे अशा रीतीने शेवटचेही ठरते. पुढे तिसरे काही घ्यायचे तर या दोहोंपैकी एक आधी सोडावे लागते.