थंड कुत्रा आणि गोठलेले खोबरेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे गडचांदूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझ्याकडे एक काम ठरलेले असे: खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवायची. रात्रीच्या थंडीत तेल गोठून पांढरे झालेले असे. त्याच थंडीत खिडकीच्या कट्ट्यावर आईने केलेला बिस्किटांचा रोल कडक होत असे. मारी बिस्किटांचा चुरा, कोको, पिठीसाखर आणि दूध एकत्र मळून प्लास्टिकच्या कागदावर लाटायचे, वर लोण्यात कालवलेला सुक्या खोबऱ्याचा कीस पसरायचा, गुंडाळी करायची आणि सकाळी चकत्या कापायच्या. आमच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून हा पदार्थ दिवाळीतच होई.

एका दिवाळीला गावाहून आलेल्या मावशीने फराळाच्या ताटातली चकती बाजूला सारली. "विकतच्या बिस्किटांचं कसलं गं फराळ?" एवढेच ती म्हणाली. आईने त्यानंतर काही वर्षे रोल केला नाही. या लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे. ज्या पदार्थाला गाव नाही, आजी नाही, त्याला इतिहास असतो का?

पुढे जर्मन खाद्यसंस्कृतीविषयी वाचताना या रोलचा एक नातलग भेटला. त्याचे नाव 'काल्टर हुंड', म्हणजे शब्दशः 'थंड कुत्रा'. लांबट चौकोनी साच्यात कागद घालून चॉकलेटचा एक थर, बिस्किटांचा एक थर असे रचत जायचे आणि रात्रभर थंड जागी ठेवायचे. भट्टी लागत नाही. कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर काळे-पिवळे पट्टे दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम, दोन्ही जर्मनीतल्या मुलांच्या वाढदिवसांना हा पदार्थ हमखास असे.

नावाची एक व्युत्पत्ती आपल्या जिल्ह्यात विशेष कळेल. खाणीतून खनिज वाहून नेणाऱ्या छोट्या चारचाकी गाडीला जर्मन खाणकामगार 'हुंट' किंवा 'हुंड' म्हणत. 1556 साली प्रसिद्ध झालेल्या 'दे रे मेटालिका' या खाणविद्येच्या ग्रंथात ॲग्रिकोला याने त्याचे कारण दिले आहे: ही गाडी ढकलताना होणारा आवाज काहींना कुत्र्याच्या भुंकण्यासारखा वाटे. केकचा लांबट साचा त्या गाडीसारखा दिसतो, म्हणून थंड करून खायचा हा 'हुंड', असे सांगतात. चंद्रपूरच्या महाकाली किंवा बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत काम केलेल्या माणसाला ही गाडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तो तिला 'टब' म्हणतो. वरोऱ्याची कोळसा खाण 1906 साली बंद पडली, पण तोवर या जिल्ह्याने कोळसा आणि रेल्वे दोन्ही पाहिले होते.

नावापेक्षा महत्त्वाचे आहे ते साहित्य. 'काल्टर हुंड' एका स्वयंपाकघरात जन्मला असे म्हणण्यापेक्षा तो तीन कारखान्यांच्या मालातून घडला, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. पहिला माल बिस्किट. हेर्मान बाल्सन याने 1889 साली हॅनोव्हर येथे कारखाना काढला आणि 1891 साली 'लाइब्निझ' बिस्किट बाजारात आणले. हॅनोव्हरमध्ये राहिलेल्या तत्त्वज्ञाचे नाव त्याने बिस्किटाला दिले. जर्मन भाषेतला 'केक्स' हा शब्दही इंग्रजी 'केक्स'वरून आला. दुसरा माल चरबी. हाइनरिश श्लिंक यांच्या कारखान्यातून 1894 पासून 'पाल्मिन' नावाने खोबऱ्यापासून काढलेली पांढरी, घट्ट चरबी विकली जाऊ लागली. तिच्यासाठी लागणारे सुके खोबरे उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवरून युरोपात जाई. तिसरा माल कोको, तोही उष्ण प्रदेशातला.

पाल्मिन म्हणजे शुद्ध केलेले खोबरेलच. ते सुमारे 24-25 अंशांना वितळते. जर्मन घराच्या तळघरात त्याहून थंडी असते, म्हणून चॉकलेट तिथे आपोआप थिजते. आमच्या बाटलीत नरकचतुर्दशीला जे घडे, तेच त्या साच्यात घडते. एकीकडे ते तेल डोक्याला, दुसरीकडे पोटात, एवढाच फरक.

आमच्याकडेही असेच तीन कारखाने होते. मारी हे नाव लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने 1874 साली रशियाच्या राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या विवाहानिमित्त काढलेल्या बिस्किटाचे. ते नाव पुढे अनेक देशांतल्या कारखान्यांनी उचलले. पार्ल्यात 1929 साली गोळ्यांचा कारखाना सुरू झाला आणि 1939 पासून तिथे बिस्किटे होऊ लागली. 'डालडा' 1937 मध्ये आला. कॅडबरी 1948 साली भारतात आली. जर्मन कृतीत कच्ची अंडी असतात. आमच्याकडे त्यांच्या जागी दूध आले, कारण दिवाळीच्या ताटात अंडे चालत नाही. चरबीतले खोबरे मात्र आमच्याकडे उघड झाले आणि पांढऱ्या कीसाच्या रूपात मधोमध बसले. याचा अर्थ आमचा रोल जर्मनीतून आला, असा मी काढत नाही. इटलीत, पोर्तुगालमध्ये, तुर्कस्तानातही बिस्किटांचे असे न भाजलेले प्रकार होतात. जिथे कारखान्याचे बिस्किट स्वस्त झाले आणि घरात भट्टी नव्हती, तिथे तिथे बायकांनी हा शोध पुन्हा लावला.

गडचांदूरला ही परिस्थिती अगदी नेमकी जुळून आली. हा भाग पूर्वीच्या राजुरा तालुक्यातला, म्हणजे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातला. इथल्या चुनखडीमुळे 1980च्या दशकात गडचांदूर आणि आवारपूरला सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर क्वार्टरांच्या रांगा. आमच्या रांगेत एक घर वर्ध्याचे, एक तेलुगू, एक बिहारचे. दिवाळीत प्रत्येक घरातून आपापल्या मुलखाचे ताट येई. चकली कुणाची काटेरी, कुणाची मुरुक्कूसारखी. अनारशावरून तर वाद होत. बिस्किटांचा रोल मात्र सगळ्यांकडे सारखाच असे, कारण तो कुणीच माहेराहून आणलेला नव्हता. एकीने दुसरीला ओट्याशी उभे राहून शिकवलेला, दोन शेगड्यांच्या गॅसवर जगणाऱ्या बायकांचा तो पदार्थ होता. अनारसे वर्ध्याचे, मुरुक्कू तेलंगणाचे, पण रोल त्या रांगेचा.

मावशीला उत्तर द्यायचे तर एवढेच. विकतच्या बिस्किटांचे फराळ म्हणजे घर सोडून आलेल्या माणसांचे फराळ. त्याला गाव नव्हते हे खरे, पण ज्या गावाला स्वतःचे जुने फराळ नव्हते, त्या गावाला त्याने एक दिले.

गेल्या दिवाळीत मी घरीच 'थंड कुत्रा' करून पाहिला. अंडी वगळली, पाल्मिनऐवजी साधे खोबरेल वापरले. आता घरात फ्रीज आहे, तरी मुद्दाम साचा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पहाटे तो दगडासारखा घट्ट झाला होता. दुपारी पाहुणे येईपर्यंत पट्टे सरकू लागले आणि ताटात तेल उतरले. आईने एक तुकडा खाल्ला. "डोक्याला लावायचं तेल घातलंस का रे?" तिने विचारले. मग म्हणाली, "डालडा घालायचा. तो उन्हातही बरा राहतो." उरलेले तुकडे तिने फ्रीजमध्ये ठेवले आणि संध्याकाळच्या ताटांत चकलीशेजारी एकेक मांडला.