डिल पिकल पास्ता सॅलड

डिल पिकल पास्ता सॅलड हा उकडून थंड केलेला पास्ता, शेपू घालून खारवलेल्या काकड्या आणि मेयोनेज यांपासून तयार होणारा अमेरिकन पदार्थ आहे. त्याची चव आंबट-खारट असते. पोत सायीसारखा मऊ असून मधूनमधून काकडीची करकरीत फोड दाताखाली येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उन्हाळी सहली, ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन आणि प्रत्येक पाहुण्याने घरून एकेक पदार्थ आणावयाची ‘पॉटलक’ पंगत अशा प्रसंगी तो केला जातो. मॅकरोनी सॅलड या जुन्या पदार्थाचे हे एक रूप होय. मॅकरोनी सॅलडमध्ये लोणच्याचे चार तुकडे चवीपुरते पडतात. येथे मात्र लोणचे हाच मुख्य घटक असून बरणीतील आंबट पाणीही वापरले जाते.

नाव

अमेरिकेत नुसते ‘पिकल’ म्हटले की मीठपाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी असाच अर्थ घेतला जातो. मराठी ‘लोणचे’ या शब्दाने डोळ्यांपुढे येणारे तेल, मोहरी, मेथी, हिंग व तिखट यांपैकी तेल व तिखट त्यात सहसा नसतेच. त्यामुळे कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे घालून हा पदार्थ साधत नाही; तेल व मसाला मेयोनेजच्या चवीवर मात करतात. ‘डिल’ म्हणजे शेपू. महाराष्ट्रात शेपूची पालेभाजी करतात आणि तिचे बी बाळंतशोपा या नावाने बाळंतिणीला देतात. पाश्चात्त्य स्वयंपाकात हीच पाने व बी काकडी मुरवताना बरणीत घालतात. काकडीचे मूळही हिमालयाच्या पायथ्याचे मानले जाते, तेव्हा या परक्या वाटणाऱ्या बरणीतील दोन्ही मुख्य वस्तू मराठी वाचकाच्या परिचयाच्याच आहेत.

पूर्वपीठिका

या पदार्थाचा कोणी एक जनक सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत आलेल्या इटालियन स्थलांतरितांनी पास्ता रुजवला. जर्मन आणि पूर्व युरोपीय ज्यू स्थलांतरितांनी खारवलेल्या काकड्या आणल्या. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात त्या पिंपांतून विकल्या जात. रिचर्ड हेलमन यांनी १९०५ मध्ये न्यू यॉर्कला दुकान काढले आणि १९१२ पासून मेयोनेज काचेच्या बरण्यांत भरून विकण्यास आरंभ केला. तयार मेयोनेज आणि घरगुती शीतकपाट या दोन सोयी झाल्यावर थंड मॅकरोनी सॅलड सर्वत्र पसरले. ‘पास्ता सॅलड’ हे व्यापक नाव विशेषतः १९८० च्या दशकात रूढ झाले.

घटक

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असावा. महाराष्ट्रातील बन्सी गहू याच जातीचा आहे. मऊ गव्हाच्या मैद्याचा पास्ता थंडपणी चिकट होतो. शंखाकृती, पिळाचे किंवा आखूड वक्र नळीचे आकार योग्य ठरतात, कारण त्यांच्या पोकळीत मेयोनेज धरून राहते. लांब शेवयांसारखे स्पॅगेटी येथे निरुपयोगी.

काकड्यांचे दोन प्रकार आहेत. पारंपरिक प्रकारात त्या साधारण पाच टक्के मिठाच्या पाण्यात ठेवून आंबवतात. लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू काकडीतील साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात व पाणी गढूळ होते. हा गढूळपणा दोष नव्हे. दुसऱ्या प्रकारात काकड्यांवर व्हिनेगर, मीठ व मसाल्याचे उकळते पाणी ओततात. बाजारातील बहुतेक बरण्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांची चव अधिक तीक्ष्ण, तर आंबवलेल्यांची अधिक खोल व सौम्य असते. सॅलडला दोन्ही चालतात. साखर घातलेले गोड ‘ब्रेड अँड बटर’ लोणचे मात्र टाळलेले बरे. मेयोनेजच्या सोबतीने ते मिळमिळीत लागते.

मेयोनेज हे तेल, अंड्याचा बलक आणि आम्ल यांचे इमल्शन आहे. अमेरिकन नियमांनुसार त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावे लागते. ते एकटेच वापरल्यास सॅलड जड होते, म्हणून त्यात सावर क्रीम मिसळतात. सावर क्रीम म्हणजे जिवाणूंच्या साहाय्याने आंबवलेली साय. ती नसेल तेथे बांधून पाणी काढलेला, फार आंबट नसलेला चक्का जवळचा ठरतो. याखेरीज चेडर चीजचे लहान चौकोनी तुकडे, बारीक चिरलेला कांदा, ताजा शेपू व मिरपूड हे नेहमीचे घटक होत.

कृती

आठ ते दहा जणांसाठी ४५० ग्रॅम कोरडा पास्ता, दीड वाटी चिरलेले लोणचे, अर्धी वाटी बरणीतील पाणी, एक वाटी मेयोनेज, अर्धी वाटी सावर क्रीम, पाऊण वाटी चीज, पाव वाटी कांदा आणि तीन मोठे चमचे चिरलेला शेपू हे सर्वसाधारण प्रमाण आहे. वाटी सुमारे २४० मिलिलिटरची धरावी.

पास्ता भरपूर खारट पाण्यात उकडतात. गरम खावयाचा पास्ता किंचित कणीदार ठेवण्याची इटालियन रीत प्रसिद्ध आहे. थंड सॅलडसाठी तो त्याहून एक-दोन मिनिटे अधिक शिजवावा लागतो. शिजताना फुगून मऊ झालेल्या स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा एकमेकांना बांधले जातात व दाणा ताठरतो. रात्रीचा भात सकाळी ताठर लागतो त्याचे कारणही हेच. शिजताच पास्ता चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुतात. गरम पास्त्याच्या बाबतीत हे धुणे अयोग्य मानले जाते. येथे मात्र ते हवेच, कारण वरचा चिकट थर निघून जातो आणि शिजणे थांबते.

यानंतरच्या पायरीवर सॅलडची चव ठरते. पूर्ण निथळलेल्या पास्त्यावर बरणीतील अर्धे पाणी घालून तो पाच-दहा मिनिटे तसाच ठेवतात. पास्ता ते शोषून घेतो आणि आंबटपणा आतपर्यंत पोहोचतो. सगळे पाणी मेयोनेजमध्येच मिसळल्यास वरचे आवरण आंबट व आतला पास्ता अळणी राहतो, शिवाय मिश्रण पातळ होते. उरलेले पाणी मेयोनेज व सावर क्रीममध्ये फेटून त्यात शेपू, कांदा व मिरपूड घालतात, मग पास्ता, चीज आणि फडक्यावर कोरड्या केलेल्या लोणच्याच्या फोडी हलक्या हाताने मिसळतात. मीठ शेवटी चाखून मगच घालावे. लोणचे आणि चीज दोन्ही खारट असतात. झाकून किमान एक-दोन तास शीतकपाटात ठेवल्यावर चवी मिळून येतात. या काळात पास्ता ओलावा पीत राहतो, म्हणून थोडे मिश्रण मागे ठेवून वाढण्यापूर्वी घालण्याची पद्धत आहे.

साठवण आणि सुरक्षितता

सहलीतील सॅलडने पोट बिघडले की दोष सामान्यतः मेयोनेजला दिला जातो. कारखान्यात तयार होणारे मेयोनेज पाश्चरीकृत अंड्यांचे व पुरेसे आम्लधर्मी असते, त्यामुळे जिवाणूंची वाढ त्यात अवघड जाते. घरी कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमध्ये साल्मोनेलाचा धोका खरा आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्यांच्या मेयोनेजवर बंदी घातली.

दुर्लक्षित राहतो तो पास्ताच. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात. शिजलेला पास्ता किंवा भात कोमट राहिला की ते अंकुरतात, आणि त्यांनी सोडलेले सेरुलाइड हे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. २००३ मध्ये बेल्जियममध्ये एका कुटुंबातील पाच मुले पास्ता सॅलड खाऊन आजारी पडली व सात वर्षांची मुलगी दगावली. ते सॅलड शुक्रवारी केले होते, शनिवारी सहलीला नेले होते आणि उरलेले सोमवारी संध्याकाळी खाल्ले गेले. मधल्या काळात ते शीतकपाटातच होते, परंतु त्या कपाटाचे तापमान १४ अंश सेल्सिअस होते.

शीतकपाट ४ अंश किंवा त्याखाली असावे आणि नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून अधिक, तर ३२ अंशांवरील हवेत एका तासाहून अधिक ठेवू नये, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा दंडक आहे. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ही एका तासाची मर्यादाच लागू पडते. लोणच्याच्या आंबटपणावर विसंबून ती ओलांडणे योग्य नाही, कारण आम्ल पास्त्याच्या गाभ्यापर्यंत सारखे पोहोचेल याची खात्री नसते. उरलेले सॅलड उथळ भांड्यात ठेवल्यास लवकर गार होते. ते तीन-चार दिवसांत संपवावे. गोठवल्यास मेयोनेज फाटते.

अन्य देशांतील जवळचे प्रकार

जर्मनीतील ‘नूडलझालाट’ हे याचे सख्खे भावंड आहे. त्यात पास्ता, मेयोनेज, मटार, सॉसेजचे तुकडे व मसाल्याच्या काकड्या असतात आणि काकडीचे पाणी तेथेही वापरतात. बर्लिनजवळच्या श्प्रेवाल्ड भागातील काकड्यांना १९९९ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. रशियातील ‘ऑलिव्हिये’ सॅलडात पास्त्याची जागा बटाटा घेतो. मॉस्कोतील हर्मिटेज उपाहारगृहात लुसियाँ ऑलिव्हिये यांनी ते १८६० च्या दशकात केले असे मानतात. भारतातील हॉटेलांत ‘रशियन सॅलड’ म्हणून मिळणारा पदार्थ त्याचाच दूरचा वंशज, मात्र त्यातून खारवलेली काकडी बहुधा गळाली आहे आणि तिच्याबरोबर आंबटपणाही.

भारतीय बाजारात ही काकडी ‘घेरकिन’ या नावाने मिळते. तिची लागवड १९९० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात करार शेतीतून सुरू झाली व पुढे तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात पसरली. काकड्या बोटाएवढ्या असतानाच रोज तोडाव्या लागतात. बहुतांश माल मीठपाण्याच्या किंवा व्हिनेगरच्या पिंपांतून आणि बरण्यांतून निर्यात होतो. अमेरिका ही त्याची एक मोठी बाजारपेठ आहे.