वाळूच्या देशातले पाणी



वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट, वाळूच्या टेकड्या आणि रखरखीत ऊन येते. मीही राजस्थानात जैसलमेरला गेलो तो हेच पाहायला. परतलो मात्र पाण्याचा इतिहास शिकून. तोच आज तुम्हांला सांगायचा आहे.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर सम नावाचे गाव आहे. तेथल्या वाळूच्या टेकड्यांना 'धोरे' म्हणतात. वारा वाळूचे कण लांब उतारावरून वर ढकलतो, ते माथ्यावरून पलीकडे घसरतात; आणि अशी कणाकणाने अख्खी टेकडीच पुढे सरकते. गवताने, झुडपाने मूळ धरले तरच ती थांबते.

आता विचार करा. जेथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, तेथे इ.स. ११५६ च्या सुमारास रावळ जैसल याने राजधानी वसवली आणि ती आजही नांदते आहे. हे कसे घडले? व्यापाराने पैसा आणला हे खरे; पण पैसा काही पिता येत नाही!

याचे उत्तर गावाच्या वेशीजवळ आहे. चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या काळी बांधलेला गडीसर तलाव शतकानुशतके शहराची तहान भागवीत होता. खेड्यांतून पालीवालांनी 'खडीन' बांधले. खडकाळ उतारावरून येणारे पाणी सखल जागी मातीच्या बांधाने अडवायचे आणि ते जिरले की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. खालचे पाणी खारे, पण पावसाचे झिरपलेले गोडे पाणी या थरावर अडते. तेथवर अरुंद 'कुई' खणतात. रात्रभर पाझरून दोन-तीन घागरी पाणी मिळते. तेवढ्यावर घर चालते.

पण माणसाच्या शहाणपणालाही मर्यादा असते. १८९९ साली पावसाने साफ दगा दिला. ते विक्रम संवत १९५६. म्हणून तिकडे त्याला 'छप्पनिया' म्हणतात. धान्य, चारा आणि पाणी तिन्ही संपले की तो 'त्रिकाल'. मारवाडातली माणसे गुरे घेऊन माळव्याकडे निघाली; किती तरी वाटेतच पडली. खेजडीची, म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो त्या शमीची, साल दळून लोकांनी भाकरी केली. त्याच दुष्काळाने आपल्या खानदेशालाही आणि दख्खनलाही होरपळले होते. ज्यांनी १९७२ साल पाहिले, त्यांना अधिक काय सांगावे?

१९५८ मध्ये पंजाबातील हरिके येथून कालव्याचे काम सुरू झाले. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. सुमारे ६५० किलोमीटरांचा हा कालवा जैसलमेरपर्यंत आला. वाळूत पीक उभे राहिले, हे फार मोठे काम झाले. मात्र अतिपाण्याने काही जमीन पाणथळ व खारवट झाली, आणि नळ आल्यावर पुष्कळ गावांतल्या कुई नि तळी दुर्लक्षिली गेली. पाणी नसल्याने माणूस शिकतो आणि पाणी आल्यावर विसरतो, असेच म्हणावे लागते.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुलांना एक हिशेब घालून पाहा. १०० चौरस मीटरांच्या छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? हजार लिटर. मग मुलांना घेऊन शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. थरच्या लोकांपेक्षा आपल्या बहुतेक गावांत पाऊस कितीतरी अधिक पडतो. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ती का, हे मुलेच मग तुम्हांला विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण मोठ्यांनी द्यायचे आहे.