ग्रिफिथ, एमिल

ग्रिफिथ, एमिल आल्फन्स : (३ फेब्रुवारी १९३८ – २३ जुलै २०१३). अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धा. वेल्टरवेट गटाचे (वजनमर्यादा १४७ पौंड, सुमारे ६६.७ किलो) जगज्जेतेपद तीनदा आणि मिडलवेट गटाचे (१६० पौंड) दोनदा त्याने मिळवले. १९५८ ते १९७७ या काळात त्याने ११२ व्यावसायिक लढती दिल्या. त्यांत ८५ विजय, २४ पराभव, २ बरोबरी आणि एक लढत अनिर्णित म्हणून रद्द झालेली. या ११२ पैकी एकाच लढतीमुळे तो सर्वसामान्यांच्या लक्षात राहिला. मुष्टियुद्धाच्या जाणकारांना मात्र ही ओळख अपुरी वाटते, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

त्याचा जन्म कॅरिबियन समुद्रातील अमेरिकी व्हर्जिन बेटांपैकी सेंट टॉमस येथे झाला. पोरवयातच तो आईपाठोपाठ न्यूयॉर्कला आला आणि बायकांच्या हॅट बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागला. आधी मालाची ने-आण करणारा हा पोरगा पुढे हॅटचे नमुनेही करू लागला आणि त्यात त्याचा हात चांगला बसला. एका उकाड्याच्या दिवशी त्याने सदरा काढून काम करण्याची परवानगी मागितली. कारखान्याचे मालक हॉवर्ड आल्बर्ट स्वतः एके काळी हौशी मुष्टियुद्ध खेळलेले. त्याचे रुंद खांदे आणि बारीक कंबर पाहून त्यांनी त्याला गिल क्लॅन्सी या प्रशिक्षकाकडे नेले. ग्रिफिथला स्वतःला बेसबॉलची जास्त ओढ होती. मुष्टियुद्ध हे काही त्याने आपणहून निवडलेले नव्हते. तरी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डन ग्लोव्ह्ज या हौशी स्पर्धेत १४७ पौंडांच्या खुल्या गटाचे विजेतेपद त्याने पटकावले आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. आल्बर्ट आणि क्लॅन्सी हे दोघे त्याचे व्यवस्थापक झाले.

एका ठोशात प्रतिस्पर्ध्याला आडवा करणाऱ्यांपैकी तो नव्हता. चपळ पाय, सतत पुढे पडणारा डावा जॅब, अंगाशी भिडून बरगड्यांवर ठोसे मारण्याची हातोटी आणि पंधरा-पंधरा फेऱ्या न थकता खेळण्याचा दम हे त्याचे भांडवल. ८५ विजयांपैकी जेमतेम दोन डझन प्रतिस्पर्धी वेळेआधी बाद झाले. बाकी सगळे विजय गुणांवर मिळालेले. कोपऱ्यातून क्लॅन्सी त्याला अक्षरशः हाकत असे. १ एप्रिल १९६१ रोजी मायामी बीच येथे क्यूबाच्या बेनी ‘किड’ पॅरेटशी झालेल्या लढतीत ग्रिफिथ मागे पडत चालला होता. १२ वी फेरी संपताच क्लॅन्सीने त्याच्या थोबाडीत मारली. तेराव्या फेरीत पॅरेट बाद झाला आणि २३ वर्षांचा ग्रिफिथ वेल्टरवेटचा जगज्जेता झाला.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पॅरेटने न्यूयॉर्कमध्ये परीक्षकांच्या दोन विरुद्ध एक अशा मताने ते पद परत मिळवले. त्यानंतर पॅरेटच्या माणसांनी जो निर्णय घेतला, त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी त्याला वरच्या गटातील जीन फुलमरसमोर उभे केले. फुलमरने दहाव्या फेरीपर्यंत त्याला बेदम मारून बाद केले.  साडेतीन महिन्यांत पॅरेट तिसऱ्यांदा ग्रिफिथसमोर आला.

२४ मार्च १९६२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही लढत झाली. सकाळी वजन करताना पॅरेटने ग्रिफिथच्या अंगाला हात लावून, समलिंगी पुरुषांना हिणवणारी एक स्पॅनिश शिवी त्याला हासडली. ग्रिफिथविषयी तशी कुजबुज क्रीडापत्रकारांत होतीच. छापत कोणी नव्हते. तो तिथेच धावून गेला, त्याला आवरावे लागले. रात्री सहाव्या फेरीत पॅरेटने ग्रिफिथलाच खाली पाडले, आणि तो कसाबसा उठतो तोच घंटा झाली म्हणून तो वाचला. यानंतर क्लॅन्सीने त्याला बजावले, की अंगाशी भिडलास की तो तुला मिठी मारेपर्यंत किंवा पंच तुम्हांला सोडवेपर्यंत हात थांबवायचा नाही. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांवर रेलून अडकला. एक हात दोरांत गुंतलेला, डोके रिंगणाबाहेर झुकलेले, आणि ग्रिफिथचे अपरकट एकामागून एक हनुवटीवर बसत होते. पंच रुबी गोल्डस्टीन मध्ये पडले तेव्हा पॅरेटचे हात केव्हाच खाली आले होते. तो सावकाश दोरांवरून घसरत खाली बसला. बेशुद्धीतून तो बाहेर आलाच नाही. ३ एप्रिलला वयाच्या २५ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ग्रिफिथ रुग्णालयात भेटायला गेला होता, पण त्याला आत सोडले नाही.

ही लढत एबीसी वाहिनीने देशभर दाखवली होती. रिंगणाशेजारी बसून ती पाहणारा कादंबरीकार नॉर्मन मेलर याने तिच्यावर लिहिलेला मजकूर आजही मुष्टियुद्धावरच्या लेखनात वारंवार निघतो. शिवीचा सूड म्हणून ग्रिफिथने माणूस मारला, ही कथा चटकन पटते. तिच्यात नायक, खलनायक, कारण असे सगळे हाताशी येते. पण ती अर्धीच आहे. थांबू नकोस असे त्याला त्याच्याच कोपऱ्याने सांगितले होते. थांबवणे हे पंचाचे काम होते. गोल्डस्टीन अनुभवी होते, आणि गळाल्याचे सोंग करून अचानक उसळी घेण्याबद्दल पॅरेटची ख्याती होती. त्यामुळे ते थबकले असावेत, असे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. चौकशीत त्यांना दोषमुक्त ठरवण्यात आले, तरी त्यांची कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. पॅरेटला साडेतीन महिन्यांत पुन्हा लढायला लावणाऱ्यांवर मात्र काही आले नाही. वाहिन्यांवरचे साप्ताहिक मुष्टियुद्धाचे कार्यक्रम आधीच उतरणीला लागले होते. १९६४ मध्ये एबीसीनेही आपला कार्यक्रम बंद केला.

ग्रिफिथ १९६२ च्या जुलैतच पुन्हा रिंगणात उतरला आणि पॅरेटकडून परत मिळवलेले पद त्याने राल्फ ड्युपासविरुद्ध राखले. मात्र त्यानंतर आपण पूर्वीसारखे लढलो नाही, जिंकण्यापुरतेच मारत राहिलो, समोरच्याला इजा होईल ही धास्ती कायम राहिली, असे तो पुढे वारंवार सांगत असे. हे त्याच्या आकड्यांशी जुळते. पद राखण्याच्या बहुतेक लढती त्याने पूर्ण पंधरा फेऱ्या खेळून जिंकल्या.

२१ मार्च १९६३ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये क्यूबाच्याच लुईस रॉड्रिगेझने त्याच्याकडून पद हिरावले. त्याच रात्री त्याच रिंगणात फेदरवेट विजेता डेव्ही मूर शुगर रामोसकडून हरला आणि चार दिवसांनी मरण पावला. ८ जूनला ग्रिफिथने रॉड्रिगेझकडून पद परत घेतले. रॉड्रिगेझशी त्याच्या एकूण चार लढती झाल्या, चारही अटीतटीच्या, आणि ग्रिफिथची तांत्रिक उंची बघायची तर पॅरेटपेक्षा याच लढती पाहाव्यात. १९६३ च्या डिसेंबरमध्ये रुबिन ‘हरिकेन’ कार्टरने त्याला पिट्सबर्ग येथे पहिल्याच फेरीत बाद केले. त्याचे जगज्जेतेपद त्या लढतीत पणाला नव्हते, म्हणून ते वाचले. १९६४ मध्ये लंडनच्या वेम्बलीत ब्रायन कर्व्हिसला त्याने गुणांवर हरवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून ‘द रिंग’ नियतकालिकाने त्याची निवड केली.

२५ एप्रिल १९६६ रोजी नायजेरियाच्या डिक टायगरला हरवून तो मिडलवेटचा विजेता झाला. एका वेळी दोन गटांची पदे ठेवता येत नसल्याने वेल्टरवेटचे पद त्याला सोडावे लागले. इटलीच्या नीनो बेन्वेनुतीशी झालेल्या तीन लढतींत त्याने एप्रिल १९६७ मध्ये पद गमावले, सप्टेंबरमध्ये मिळवले आणि मार्च १९६८ मध्ये पुन्हा गमावले. नंतरचा काळ उतरणीचा. १९६९ मध्ये होसे नापोलेसकडून वेल्टरवेटची आणि १९७१ व १९७३ मध्ये कार्लोस मॉन्झॉनकडून मिडलवेटची लढत तो हरला. ३० जुलै १९७७ रोजी मोंटे कार्लो येथे ॲलन मिंटरकडून हरल्यावर, वयाच्या ४० व्या वर्षात तो थांबला. जगज्जेतेपदाच्या लढतींत त्याने तीनशेहून अधिक फेऱ्या खेळल्या. इतके ठोसे खाल्ल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

निवृत्तीनंतर त्याने न्यू जर्सीतील बालसुधारगृहात नोकरी केली आणि विल्फ्रेड बेनितेझ, हुआन लापोर्ट यांच्यासारख्या खेळाडूंना शिकवले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिदालनात (हॉल ऑफ फेम) त्याचा समावेश झाला. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगींच्या एका बारमधून बाहेर पडल्यावर त्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि त्याला चार महिने रुग्णालयात काढावे लागले. आपल्याला पुरुष आणि स्त्रिया दोन्हींविषयी ओढ वाटते, हे त्याने साठी उलटल्यावर, २००५ च्या सुमारास उघडपणे सांगितले. माणूस मारला हे लोकांनी समजून घेतले, पण पुरुषावर प्रेम केले हे मात्र त्यांना खपत नाही, अशी त्याची खंत होती. त्याच वर्षीच्या ‘रिंग ऑफ फायर’ या माहितीपटात त्याची आणि पॅरेटच्या मुलाची भेट चित्रित झाली आहे. डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या ठोशांमुळे जडलेल्या स्मृतिभ्रंशाने शेवटची वर्षे ग्रासली. न्यूयॉर्क राज्यातील हेम्पस्टेड येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या आयुष्यावर संगीतकार टेरेन्स ब्लँचर्डने रचलेला ‘चॅम्पियन’ हा ऑपेरा २०१३ मध्ये, ग्रिफिथच्या निधनाच्या आधीच्या महिन्यात, सेंट लुईस येथे रंगमंचावर आला. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये झाला. तेव्हा तरुण ग्रिफिथची भूमिका रायन स्पीडो ग्रीन याने आणि म्हाताऱ्या ग्रिफिथची एरिक ओवेन्स याने गायली.