वाळीत टाकलेल्याला चौथा खांदा कोणाचा?

आजोळच्या गावी एक घर वाळीत टाकलेलं होतं. त्या घरातल्या मुलाशी खेळायचं नाही, एवढंच आम्हा पोरांना सांगितलेलं. का, ते कोणी सांगितलं नाही. पुढे तोच मुलगा नोकरीसाठी ठाण्यात आला. माजिवडा नाक्यावर चहा पिताना म्हणाला, "इथं कोणी काही विचारत नाही, बरं वाटतं. पण आई गेली तेव्हा चौथा खांदेकरी शोधावा लागला रे."

परवा हटराइट लोकांविषयी वाचताना तो आठवला. हा १६व्या शतकातला ख्रिस्ती पंथ. आज कॅनडा-अमेरिकेत त्यांच्या शेतीच्या वसाहती आहेत. जमीन सामाईक, जेवणाची पंगत सामाईक. तिथं वाढलेला बाहेर पडला की रिकाम्या हातानं. मॅनिटोबातल्या इंटरलेक वसाहतीतून काही जणांना धर्ममत बदललं म्हणून काढलं. त्यांनी मालमत्तेत वाटा मागितला. १९७० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला.

आपल्याकडे वेगळं काय झालं? मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करणं हा पंथाचा अधिकार ठरला. बहिष्कृताला मशीद बंद, कब्रस्तानही बंद.

पुढची पन्नास वर्षं तशीच गेली. २०१३ मध्ये नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानंच खून केला. त्यानंतर दाभोलकरांच्या अंनिसनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला, या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कौमार्य चाचणीला विरोध करणाऱ्या कुटुंबातली आजी वारली, तेव्हा अंत्ययात्रेला जाऊ नका असं समाजाला बजावलं, अशी तक्रार होती.

म्हणजे पुन्हा खांद्यापाशीच आलो.

कायदा बहिष्कार टाकणाऱ्याला आत टाकेल. पण चौथा खांदेकरी तो कुठून आणणार? आम्ही पत्रकार गुन्ह्याची बातमी छापतो आणि पुढच्या बातमीला लागतो. मीही तेच केलंय.

तुमच्या चाळीत, सोसायटीत असं एखादं घर असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. त्यांच्या हळदीला जा. मयतीला तर जाच.