वेताळाचे डोळे

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर भुताचा विषय काढू नये म्हणतात. पण वाचकहो, माझे भूत सज्जन आहे आणि त्याच्यावरचा अन्याय मला बरीच वर्षे सलतो आहे. हे भूत म्हणजे महाबली वेताळ. नाव आपल्या कोकणातल्या देवाचे, माणूस मात्र अमेरिकन लेखक ली फॉक यांच्या कल्पनेतला. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तो तिकडच्या वर्तमानपत्रांत अवतरला. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. मुंबईच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने १९६४ साली त्याला आपल्या घरी आणले. ती मालिका १९९० मध्ये बंद पडली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. थोरल्या भावाच्या ट्रंकेतले अंक वाचून वाचून त्यांच्या कडा झिजवल्या.

या वीराला उडता येत नाही. गोळी लागली तर तो मरतो. चाच्यांनी बापाला मारल्यावर किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी झुंजण्याची शपथ घेतली. तो गेला, मुलाने तोच वेष चढविला, मग नातवाने. अशा एकवीस पिढ्या! अरण्यातले लोक समजतात की हा एकच पुरुष, चारशे वर्षे अमर. कवटीच्या गुहेत प्रत्येक पिढीने आपल्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत. इतिहासाच्या मास्तराला आणखी काय हवे? मला तर त्या बखरीच वाटत. मुखवट्यामागे डोळ्यांची बुबुळे कधी दिसत नाहीत, कारण तिथे कोणी एक माणूस नाहीच.

आता पडद्यावर काय झाले पाहा. १९४३ साली पंधरा भागांचा बोलपट निघाला. टॉम टायलर अंगाने शोभला, त्याबद्दल तक्रार नाही. १९५५ मध्ये पुढचा काढावयास घेतला तर हक्कच संपलेले! मग वेष बदलून त्याचा 'कॅप्टन आफ्रिका' करण्यात आला. ही निदान गंमत तरी झाली. खरा घात १९९६ चा. बिली झेनचा जांभळा वेष झकास, परंतु कथा तीन जादूच्या कवट्यांची. ज्याच्या घरात शपथेची एक कवटी पुरेशी, त्याला या जादूच्या मागे पळवावयाचे कशाला? आणि मुखवट्यातून नटाचे डोळे लखलखीत दिसतात. २००९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तर बळ अंगात नाही, शपथेत नाही; यंत्रविद्येने बनविलेल्या कपड्यात आहे.

बदल मुळीच नको, असे मी म्हणत नाही. 'इंद्रजाल'नेही त्याच्या देशाचे नाव बदलून 'डेंकाली' केले होते. ते खपले, कारण गुहा, वह्या आणि बापलेक जागच्या जागी होते.

माझे वडीलही आमच्याच शाळेत इतिहास शिकवीत. गेल्या दिवाळीत पणत्या घेताना एका म्हाताऱ्या आजीने मला अडविले. "मास्तर, तुम्ही अजून तस्सेच हो!" ती वडिलांशीच बोलत होती. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली, हे सांगावे असे ओठावर आले. तेवढ्यात तिने नातवाच्या अक्षराचे गाऱ्हाणे सुरू केले, आणि वडील म्हणत तसेच मी म्हणालो,

"पाठवा त्याला उद्या, आजी. पाटी घेऊन."