कोरियन मालिकांतील प्रणयदृश्ये आणि प्रेक्षकांचे आक्षेप

दक्षिण कोरियाच्या मालिकांत प्रणय किती दाखवावा, रात्री किती वाजता दाखवावा आणि कोणाच्या नजरेतून दाखवावा, हा वाद तिथल्या छोट्या पडद्याइतकाच जुना आहे. वाद घालणारे मात्र बदलत गेले. सुरुवातीला शेवटचा शब्द सरकारचा असे. पुढे तो प्रसारणावर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे आला, आणि आयोगाला कामाला लावणाऱ्या प्रेक्षकांकडे त्याहून अधिक आला.

या वादाची मुळे चित्रपटात आहेत. जपानी राजवटीने १९२६ मध्ये कोरियात चित्रफितींच्या पूर्वतपासणीचे नियम लागू केले. राजवट गेली, पण प्रदर्शनाआधी फीत सरकारला दाखवण्याची रीत राहिली. हान ह्योंग-मो या दिग्दर्शकाच्या १९५४ च्या ‘हँड ऑफ फेट’मध्ये कोरियन पडद्यावरचे पहिले चुंबन आले, असे तिथले चित्रपट-इतिहासकार मानतात. ते जेमतेम काही सेकंदांचे होते, तरी त्याची चर्चा चित्रपटापेक्षा जास्त झाली. त्याच वर्षी चोंग बी-सोक यांची ‘मॅडम फ्रीडम’ ही कादंबरी दैनिकातून क्रमशः येऊ लागली. प्राध्यापकाची बायको दुकानात नोकरी धरते आणि नृत्यगृहात जाऊ लागते, एवढेच तिचे कथाबीज. पण सोलच्या एका कायद्याच्या प्राध्यापकांनी या कादंबरीची तुलना पाच लाख चिनी कम्युनिस्ट सैनिकांशी केली. युद्ध थांबून वर्षही झालेले नव्हते, तेव्हा या उपमेची धार आज वाटते त्याहून कितीतरी जास्त होती. १९५६ मध्ये हान यांनीच या कादंबरीवर चित्रपट काढला. चुंबन-आलिंगनाच्या दृश्यांवरून त्यालाही विरोध झाला आणि चित्रपटगृहे भरभरून चालली.

पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत अश्लीलता आणि राजद्रोह एकाच दावणीला बांधले गेले. १९६५ मध्ये ली मान-ही या दिग्दर्शकाला साम्यवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. त्यांची जाहीर बाजू घेणारे दिग्दर्शक यू ह्योन-मोक यांच्यावर खटला भरला गेला तो त्या बोलण्याबद्दल, आणि सोबत ‘एम्प्टी ड्रीम’ या त्यांच्या चित्रपटातील नग्नदृश्याबद्दल अश्लीलतेचाही. दुसरा आरोप पहिल्याच्या मदतीला आणला होता, हे तेव्हाही बहुतेकांना कळत होते.

छोटा पडदा या सगळ्यात उशिरा आला. पहिले खासगी केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले, पण ते फार टिकले नाही. सरकारी केबीएसचे दूरचित्रवाणी प्रसारण १९६१ च्या अखेरच्या दिवशी सुरू झाले, टीबीसी १९६४ मध्ये आणि एमबीसी १९६९ मध्ये. घरातला एकुलता एक संच मधल्या मोठ्या खोलीत असे. आजी-आजोबा, सून आणि नातवंडे त्याच्यासमोर एकत्र बसत. ज्यांच्याकडे संच नसे ते शेजारी जात. चित्रपटाला जाणारा तिकीट काढून, ठरवून जातो. मालिका मात्र घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखत येऊन उभी राहते. तिच्याबद्दलचे नियम चित्रपटापेक्षा कडक राहिले, त्याचे एक कारण या बैठकीत आहे. १९७२ ची ‘योरो’ ही केबीएसची मालिका या खोलीला पूर्ण मानवली. तिची सोशीक नायिका सासरचा छळ सहन करते. मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत.

सगळ्याच मालिका अशा सोशीक नव्हत्या. सत्तरच्या दशकात विवाहबाह्य संबंधांवरच्या मालिकांना सरकारी दबावाखाली गाशा गुंडाळावा लागला. सर्वांत बोलके उदाहरण किम सू-ह्योन यांच्या मालिकेचे आहे. (सध्याचा त्याच नावाचा नट वेगळा, या लेखिका कोरियन मालिकांच्या इतिहासातील सर्वांत वजनदार नाव आहे.) ‘तारुण्याचा सापळा’ अशा अर्थाचे नाव असलेली त्यांची मालिका एमबीसीवर १९७८ मध्ये आली. लग्नाशिवाय एका पुरुषासोबत संसार थाटून त्याच्या मुलीची आई झालेली तरुणी, तिला सोडून श्रीमंत घराण्यात सोयरीक जोडणारा तो पुरुष आणि तिने घेतलेला सूड, ही कथा. मालिकेत उघडेवाघडे काही नव्हते. आक्षेप त्या तरुणीच्या स्थितीवरच होता, आणि मालिका ठरल्या वेळेआधी बंद करावी लागली. एकवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, किम यांनी तीच कथा एसबीएस या वाहिनीसाठी नव्याने लिहिली. या वेळी शेवटच्या भागांची दर्शकसंख्या पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली.

मधल्या एकवीस वर्षांत देश पालटला, पण पडदा सरळ रेषेत सैल होत गेला नाही. १९८० मध्ये नवे लष्करी सत्ताधीश चुन दू-ह्वान यांनी टीबीसी केबीएसमध्ये विलीन करून टाकली. रंगीत प्रसारणही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाले. जानेवारी १९८२ मध्ये रात्रीची संचारबंदी उठली आणि महिन्याभरात ‘मॅडम एमा’ हा शृंगारिक चित्रपट मध्यरात्रीच्या खेळांत धो धो चालू लागला. राजकारणावर बोलाल तर कात्री, शरीरावर बोलाल तर कानाडोळा, असा हा हिशेब होता. सरकार खेळ, पडदा आणि कामुकता यांत जनतेला गुंतवून ठेवते, असा विरोधकांचा आरोप होता आणि तो निराधार नव्हता. पण ही सूट चित्रपटगृहाच्या दारातच संपत होती. घरातला संच सोवळाच राहिला.

लोकशाही आल्यावरही पहिली पावले जपूनच पडली. १९९१ मध्ये एमबीसीची ‘आइज ऑफ डॉन’ आली. जपानी सैन्याने वेश्यागृहांत कोंडलेल्या कोरियन मुलींची कथा तिने खर्चिक, चित्रपटाच्या तोडीच्या रूपात घराघरांत नेली. छावणीच्या काटेरी कुंपणावर चढून सैनिक नायिकेचे चुंबन घेतो, ते दृश्य आजही कोरियन मालिकांतील सर्वांत प्रसिद्ध चुंबन मानले जाते. इतिहासाचे वजन पाठीशी असल्याने त्याला कोणी उथळ म्हणू शकले नाही. १९९६ च्या ‘आएइन’चे तसे नव्हते. एमबीसीच्या या मालिकेत दोन विवाहित, सुखवस्तू माणसे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि मालिका त्यांना खलनायक ठरवत नाही. या मालिकेचा विषय थेट संसदेत निघाला. व्यभिचार तेव्हा गुन्हा होता. १९५३ च्या दंडसंहितेनुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. मालिकेतील सहानुभूती त्यामुळे अनेकांना गुन्ह्याची वकिली वाटली. व्यभिचाराचे हे कलम घटना न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केले.

चित्रपटांच्या पूर्वतपासणीवर त्याच न्यायालयाने त्याआधीच, ऑक्टोबर १९९६ मध्ये, पडदा टाकला होता. तपासणीची जागा हळूहळू वयोगटाच्या वर्गीकरणाने घेतली. दूरचित्रवाणीवर हे वर्गीकरण २००१ मध्ये चित्रपट आणि ॲनिमेशनपासून सुरू झाले आणि नोव्हेंबर २००२ पासून देशी मालिकांना लागू झाले. पडद्याच्या कोपऱ्यात ७, १२, १५ किंवा १९ हा आकडा दिसू लागला. आकडा वाहिनीने स्वतः ठरवायचा, आणि १९ चा कार्यक्रम मुलांसाठी राखलेल्या वेळेत दाखवायचा नाही. ही राखीव वेळ रात्री दहाला संपते, आणि मोठ्या मालिकांची ठरलेली वेळही अनेक वर्षे दहाचीच होती. दहानंतर १९ चा आकडा लावायला मज्जाव नाही, पण त्यामुळे प्रेक्षक घटतात. साहजिकच वाहिन्यांचा कल १५ चा आकडा लावून १९ च्या जवळ जाईल तितके जाण्याकडे राहिला. पुढचे बहुतेक तंटे या चार वर्षांच्या पट्ट्यात झाले.

२००८ मध्ये प्रसारण व दूरसंचार मानक आयोग अस्तित्वात आला. तो प्रसारणाआधी काही तपासत नाही. कार्यक्रम दाखवला गेल्यावर, बहुधा तक्रारीवरून, तो सुनावणी घेतो. साध्या सूचनेपासून ताकीद, इशारा आणि दंडापर्यंत त्याच्या शिक्षांची उतरंड आहे. ताकीद आणि त्यावरील शिक्षा परवान्याच्या नूतनीकरणावेळी गुण कापतात, म्हणून वाहिन्या त्यांना भितात. लैंगिक दृश्यांविषयीचे त्याचे कलम अनैतिक किंवा निकोप नसलेले स्त्री-पुरुष संबंध हा मुख्य विषय करू नये, कथेसाठी टाळता येत नसेल तर संयमाने दाखवावा, असे सांगते. कलमाची भाषा ‘योरो’च्या काळातली वाटते. त्याचा वापर मात्र प्रेक्षक ज्या दिशेने ढकलतील तिकडे होत गेला, कारण तक्रार नोंदवणे आता घरबसल्या दोन मिनिटांचे काम झाले होते.

वाहिन्यांनी इंटरनेटवर प्रेक्षकांसाठी उघडलेले फलक तोवर रूढ झाले होते, आणि दृश्य संपायच्या आत त्यावर भांडण सुरू होई. २०१० च्या जानेवारीतील ‘चुनो’ हे त्याचे मासलेवाईक उदाहरण. पळालेल्या गुलामांच्या शोधावरील केबीएसच्या या मालिकेत नायिकेवरील बळजबरीच्या प्रयत्नाच्या दृश्यात तिचे खांदे-छाती उघडे दिसल्याची तक्रार झाली. म्हणून पुढे तिच्या जखमेवर उपचार होतानाच्या साध्या दृश्यात वाहिनीने पडद्यावर धूसर चौकटी टाकल्या. त्यावर दुप्पट ओरड झाली. झाकण्याजोगे काही नव्हते, चौकटींनीच ते अश्लील केले, असे प्रेक्षकांचे म्हणणे पडले, आणि ते बरोबर होते.

समलिंगी प्रेमाच्या बाबतीत मोजमाप सरळसरळ वेगळे होते. किम सू-ह्योन यांच्याच ‘लाइफ इज ब्युटिफुल’ या २०१० च्या मालिकेत पुरुषांची जोडी सुखी, घरच्यांनी स्वीकारलेली दाखवली होती. काही संघटनांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन वाहिनीला जाब विचारला, आणि जोडीने चर्चमध्ये शपथ घेण्याचे दृश्य वाहिनीने गाळले. लेखिकेने उघड नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी केबीएसने समलिंगी स्त्रियांवरील एकांकी नाट्य दाखवले आणि तक्रारींनंतर ते पुनर्दर्शनाच्या यादीतून काढून टाकले. २०१५ मध्ये जेटीबीसी या वाहिनीच्या एका शालेय रहस्यमालिकेत गणवेशातील दोन मुलींचे चुंबन आले, तेव्हा आयोगाने वाहिनीला इशारा दिला. स्त्री-पुरुष विद्यार्थ्यांची चुंबने मालिकांत नवी नव्हती. एका बाजूला मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणणारे, दुसऱ्या बाजूला हा उघड भेदभाव आहे म्हणणारे. या प्रकरणाने तडजोडीला जागाच ठेवली नाही.

२०१८ पासून आक्षेपाचा सूर पालटला. त्या वर्षाच्या जानेवारीत एका महिला सरकारी वकिलाने वरिष्ठाकडून झालेल्या छळाबद्दल थेट प्रक्षेपणात सांगितले आणि कोरियातील ‘मी टू’ची लाट उसळली. पाठोपाठ चॅट-खोल्यांतून मुलींचे चित्रण विकणाऱ्या टोळीचे प्रकरण २०२० च्या वसंतात देशभर गाजले. याच काळात तक्रारींचा रोख ‘हे फार दाखवले’ यावरून ‘हे कोणाच्या नजरेतून दाखवले’ याकडे वळला. जेटीबीसीच्या ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरीड’चे पहिले सहा भाग १९ च्या आकड्याने दाखवले गेले आणि त्यातील व्यभिचाराच्या दृश्यांवर फारशी कुरकुर झाली नाही. १५ चा आकडा लावलेल्या आठव्या भागात मात्र घरात घुसलेल्या माणसाने नायिकेवर केलेला हल्ला हल्लेखोराच्या डोळ्यांतून, व्हिडिओ गेमसारखा चित्रित केला होता. त्यात नग्नता नव्हती, पण संताप प्रचंड होता. नवव्या भागापासून आकडा पुन्हा १९ झाला. मालिकेचा शेवट २८ टक्क्यांहून अधिक दर्शकसंख्येने झाला. मुख्य वाहिन्यांबाहेरच्या मालिकेसाठी तो विक्रम होता.

साधारण महिन्याभराने एसबीएसची ‘बॅकस्ट्रीट रूकी’ आली. एका वेबटूनवर, म्हणजे इंटरनेटवरील चित्रकथेवर, बेतलेल्या या हलक्याफुलक्या मालिकेच्या पहिल्याच भागात शाळकरी मुलगी अनोळखी प्रौढाचे चुंबन घेते, आणि कामुक चित्रकथा काढणाऱ्या एका पात्राचे हुंकार विनोद म्हणून वापरले जातात. दहा वर्षांपूर्वी हे कदाचित खपून गेले असते. आता आयोगाकडे हजारो तक्रारी गेल्या आणि वाहिनीवर कारवाई झाली. विशेष म्हणजे तक्रार करणाऱ्यांत मोठा वाटा तरुण स्त्रियांचा होता. १९७८ मध्ये ज्यांच्या शीलाच्या रक्षणासाठी मालिका बंद होत, त्यांचा.

आयोगाचा हात पोचत नाही अशी जागा तोवर तयार झाली होती. नेटफ्लिक्स कोरियात जानेवारी २०१६ मध्ये आले. इंटरनेटवरील मंचांना प्रसारणाचे नियम लागू नाहीत. त्यांच्या मालिकांचे वर्गीकरण चित्रपटांसारखे होते, आणि २०२३ पासून मान्यताप्राप्त मंच ते स्वतःही करू शकतात. दहा वाजण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. अंगप्रदर्शन किती हा प्रश्न नियमाकडून रुचीकडे सरकला: ‘स्क्विड गेम’मधील स्नानगृहातले दृश्य किंवा ‘द ग्लोरी’मधील अनावृत दृश्य कथेला हवे होते का, यावर प्रेक्षकांत फाटाफूट झाली. त्यात परदेशी प्रेक्षकांचा आवाज मिसळला. ‘ज्युएल इन द पॅलेस’पासून कोरियन मालिका जगभर गेल्या त्या घरच्यांसोबत बसून पाहता येतात या लौकिकावर. टाळेबंदीच्या काळात भारतात ज्यांना त्यांची गोडी लागली, त्यांतील अनेकांची आवडही त्याच कारणाने होती. हात हातात घ्यायला आठ भाग लागतात, याची थट्टा करत करत ते त्यात रमले होते. १९ च्या आकड्याच्या मालिकांनी हा करार मोडला, असे त्यांतील काहींना वाटते. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांसारख्या सांगितल्या गेल्या, असे इतरांना वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘द क्वीन हू क्राउन्स’ने या दोन जगांना एकाच मालिकेत आणून भिडवले. राजा थेजोंगची राणी आणि सेजोंग महाराजांची आई असलेल्या वोनग्योंगवरील ही मालिका टीव्हीएन वाहिनीवर १५ च्या आकड्याने आणि टीव्हिंग मंचावर १९ च्या आकड्याने, अशा दोन आवृत्त्यांत दाखवली गेली. दुसरीत नग्नदृश्ये होती. खऱ्या राणीचा असा वापर कशासाठी, हा पहिला आक्षेप. दुसरा अधिक गंभीर ठरला: अशी दृश्ये कमी करावीत ही अभिनेत्रींच्या बाजूची विनंती मानली गेली नाही, असे वृत्तपत्रांत छापून आले, तेव्हा चर्चा प्रेक्षकांच्या लाजेवरून चित्रीकरणस्थळावरच्या संमतीकडे गेली. संहितेत काय लिहिले होते, कराराच्या वेळी नटीला काय सांगितले होते, बदली शरीर किंवा संगणकीय चित्र वापरले तर ते तिच्या नावावर खपवावे का, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. या प्रश्नांना आयोगाच्या कलमांत उत्तर नाही, कारण ती कलमे पडद्यावर काय दिसते एवढेच पाहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘एमा’ ही मालिका १९८२ च्या ‘मॅडम एमा’च्या निर्मितीवर रचलेली कल्पित कथा आहे. तिची प्रमुख पात्रे दोन नट्या आहेत, आणि कोणते दृश्य द्यायचे, कोणते नाही, यावरून त्या निर्मात्याशी भांडतात.